टायरवाल्यांची समीक्षा

समीक्षेच्या इतिहासात टायर बनवणाऱ्या एका कंपनीला स्थान द्यावे असे कोणी सुचवले, तर आपल्या अभ्यासमंडळांत त्याचे हसेच होईल. तरीही विसाव्या शतकातील एक अत्यंत दबदबा असलेली मूल्यमापनपद्धती रबराच्या व्यवसायातून जन्मली आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने ती समजून घेणे अगत्याचे आहे, असे मला वाटते.

आंद्रे व एदुआर या मिशलिन बंधूंनी १८८९ साली फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे आपली कंपनी स्थापन केली. १८९१ मध्ये त्यांनी सायकलसाठी सहज काढता-घालता येईल असा हवेचा टायर आणला. भाषेचे सामर्थ्य या मंडळींना लवकर उमगले होते. १८९८ च्या त्यांच्या जाहिरातचित्रात टायरांचा बनलेला एक पुरुष खिळे आणि काचा भरलेला चषक उंचावताना दिसतो. वरचे लॅटिन शब्द रोमन कवी होरेसच्या ओडमधून उचललेले आहेत. त्यांतल्या ‘बिबेंडम’ या शब्दानेच तो पुरुष पुढे जगभर ओळखला गेला.

१९०० साली कंपनीने मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली. फ्रान्समध्ये तेव्हा जेमतेम तीनेक हजार मोटारी होत्या. प्रती मात्र सुमारे ३५,००० छापल्या आणि फुकट वाटल्या. हेतू उघड होता. लोक हिंडले की टायर झिजणार, टायर झिजले की नवे खपणार. १९२० पासून मार्गदर्शिकेला किंमत लावली गेली, १९२६ मध्ये उत्तम भोजनगृहांना तारा मिळू लागला आणि १९३१ मध्ये तीन ताऱ्यांची उतरंड आली. या ताऱ्यांचे अर्थ पाहण्याजोगे आहेत. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे ठिकाण. तीन तारे म्हणजे केवळ त्यासाठीच प्रवास करावा असे. येथे अभिरुचीचे माप चक्क रस्त्याच्या अंतरात दिले आहे. मापाचा उगम मापातच उमटलेला असतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

म्हणून ही समीक्षा खोटी ठरते काय? तसे म्हणणे उथळपणाचे होईल. निनावी राहणारा, स्वतःचे बिल चुकते करणारा, पुन्हा पुन्हा जाऊन खातरजमा करणारा परीक्षक ही या परंपरेची खरी कमाई आहे. लेखकाच्या मैत्रीवर पोसलेल्या आपल्या परीक्षणलेखनाला त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अर्थात परीक्षकाचा पगार कंपनीच देते. शिवाय अलीकडच्या काळात थायलंडसारख्या देशांच्या पर्यटन खात्यांनी मार्गदर्शिका आपल्याकडे यावी म्हणून पैसे मोजले आहेत. निवाडा स्वतंत्र असला, तरी कोणत्या प्रदेशात निवाडा व्हावा हे ठरवण्यात पैशाचा वाटा असू शकतो.

याच कंपनीच्या इतिहासाची दुसरी एक संहिता आहे. टायरला लागणाऱ्या रबरासाठी मिशलिनने फ्रेंच इंडोचायनात मळे उभारले. उत्तर व्हिएतनाममधून कराराने आणलेले मजूर तेथे मारहाण आणि मलेरिया सोसत राबले. फू रिएंगच्या मळ्यात १९३० च्या फेब्रुवारीत संप झाला. त्याचे एक नेते, मळ्यातील मजूर त्रान तू बिन्ह यांच्या आठवणी पुढे पुस्तकरूपाने आल्या. त्या पुस्तकात रबराच्या झाडाखालचा माणूस स्वतः बोलतो. उत्तम जेवणाचा रस्ता दाखवणाऱ्या पुस्तकाच्या कक्षेत हा माणूस येतच नाही. तो यावा अशी अपेक्षा त्या लेखनप्रकाराकडून करताही येणार नाही. ही उणीव वाचकानेच भरून काढायची असते.

वाङ्मयाच्या वर्गात आपण अभिजात ग्रंथांच्या याद्या देतो, पुरस्कारांची उतरंड शिकवतो. त्या याद्या टाकून द्याव्यात असे माझे म्हणणे नाही. परंतु हे माप कोणी घडवले, त्याचा खर्च कोणी केला आणि कोणाचे कष्ट त्याच्या कक्षेबाहेर राहिले, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याला विचारता आले पाहिजेत. मार्गदर्शिका आणि मजुराच्या आठवणी शेजारी ठेवून वाचल्यास ते त्याला आपसूक सुचतील. मूल्यमापनाचे शिक्षण येथूनच सुरू व्हावे.