स्पीकर घेताना ओहम विचारा

घरच्या अँप्लिफायरसाठी स्पीकर घेताना ग्राहक वॉट विचारतो, ओहम विचारत नाही. आमच्या मते गफलत इथेच होते. 8 ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले की भार 4 ओहमचा होतो, करंट दुप्पट ओढला जातो. मशीनवर ‘किमान 8 ओहम’ लिहिले असेल तर ते तापते, प्रसंगी ट्रान्झिस्टर जळतो. सिरीजमध्ये जोडल्यास 16 ओहम. आवाज कमी, पण मशीनला धोका नाही. काही मशीनना मागे 4-8 ओहमचे बटण असते. 4 वर केल्याने ताकद वाढते म्हणे! उलट अनेक मशीनमध्ये आतले व्होल्टेज उतरते. आम्ही कापड विकताना पन्हा सांगतोच. मग स्पीकरवाल्या बांधवांनी बिलावर ओहम का लिहू नये? मशीन जळाले की ‘जादा लोड दिला’ म्हणून खर्च ग्राहकाच्याच माथी मारला जातो.