पत्री सरकारची काठी

कुंडल, देवराष्ट्रे, येडेमच्छिंद्र या पट्ट्यात एखाद्या गुंडाने उच्छाद मांडला, की "याला पत्री ठोकायला पायजे" हे वाक्य आजही कानावर पडते. बोलणाऱ्याने पत्री सरकार पाहिलेले नसते, बहुधा त्याच्या बापानेही नसते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र बैलाच्या खुराला मारतात तसली लोखंडी पत्री माणसाच्या तळपायात ठोकलेली उभी राहते. साताऱ्यातल्या भूमिगतांनी इंग्रजी राज्याला समांतर चालवलेल्या प्रतिसरकारचे पत्री सरकार झाले ते याच धास्तीपोटी. प्रत्यक्षात शिक्षा होती ती तळपायावर काठ्या मारण्याची. गुन्हेगाराला आडवा पाडायचा, पाय बांधून वर धरायचे आणि तळव्यांवर फटके ओढायचे. पुढचे कित्येक दिवस त्याला चालता येत नसे. लंगडत जाणारा माणूस सगळ्या गावाला दिसे. पत्री ठोकण्याची अफवा खोटी, पण चळवळीला सोयीची होती.

ही शिक्षा काही कृष्णाकाठची उपज नव्हे. तुर्कस्तानात तिला फलाका म्हणत, इराणात फलक. तिकडच्या शाळामास्तरांनाही ती वर्ज्य नव्हती. चीनच्या छिंग राजवटीच्या कायद्यात कोणत्या अपराधाला बांबूचे किती फटके, याचे कोष्टकच होते. आपल्याकडे सतराव्या शतकात रांझ्याच्या पाटलाने बदअंमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले. शिक्षा झालेल्या पाटलाला सांभाळायला त्याच्याच कुळातला माणूस नेमला, ही महाराजांच्या पत्रातली बारीक नोंद सहसा कोणी सांगत नाही. आणि इंग्रज? सुधारणेचा डंका पिटणाऱ्या त्या सरकारने 1860च्या दंड संहितेत फटक्यांना जागा दिली नव्हती. चारच वर्षांत, 1864 साली, वेगळा कायदा करून ते परत आणले. 1909 साली त्याची नवी आवृत्ती निघाली. माणूस कोंडून ठेवायचा तर खायला घालावे लागते, पहारा बसवावा लागतो. वेत स्वस्त पडतो.

प्रतिसरकारचा हिशेब याहून फार वेगळा नव्हता. सप्टेंबर 1942 मध्ये, 'चले जाव' चळवळीत, वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्च्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. सातारा जिल्हा तेव्हा आजच्या सांगलीसह एकच होता; दक्षिण सातारा 1949 साली वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचे सांगली झाले. भूमिगतांच्या नावावर दरोडेखोरांनी गावे लुटायला सुरुवात केली. पोलीस पाटलापासून सावकाराच्या हस्तकापर्यंत खबऱ्यांचे जाळे होतेच. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर या प्रतिसरकारच्या पुढाऱ्यांच्या हाताशी तुफान सेना या दलाची पोरे होती, शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवण्याइतकी धमक होती, पण कुलूप लावायला तुरुंग नव्हता. रोज मुक्काम बदलणाऱ्या सरकारने कैदी ठेवायचे कुठे? उरली शारीरिक शिक्षा, दंड वसुली आणि गावकीची नाचक्की.

इथवर समजून घेता येते. खटकते ते पुढे लोकांच्या आठवणीत काय राहिले ते. 1943 ते 1946 या काळात या सरकारने गावोगाव न्यायमंडळे बसवली. बांधाचे तंटे, सावकाराकडे अडकलेल्या जमिनी, नवऱ्याने टाकलेल्या बायका, देण्याघेण्याची भांडणे असली शेकडो प्रकरणे तिथे चालली. कोर्टाची फी नाही, वकील नाही, साताऱ्याचे हेलपाटे नाहीत. वादी-प्रतिवादी समोरासमोर, साक्षीदार गावातलेच, निकाल तिथल्या तिथे. सोबत दारूबंदी होती, बिनखर्चाचे गांधी विवाह होते. बहुतेक कज्जे काठी न उचलता मिटत. लोकांनी या सरकारला आपले मानले ते या कामामुळे, असे या लेखकाचे मत आहे. खबऱ्यांचे तळवे सुजवून दरारा बसतो. तुटलेला बांध काही त्याने जुळत नाही.

तरी सांगण्यासारखी गोष्ट झाली ती काठीचीच. पोवाड्यात, व्याख्यानात, चावडीवरच्या गप्पांत फटके रंगवून सांगितले जातात. दोन भावांतला बांधाचा वाद मिटवणारे पंच कोणाला आठवत नाहीत. शिवाय त्या काठीवर अपील नव्हते. खबऱ्या ठरवला गेलेला प्रत्येक जण खरोखर खबऱ्या होता का, की एखाद्याने जुने भावकीचे वैर या निमित्ताने वळते केले, हे आता तपासता येणे शक्य नाही. चळवळीचा अभिमान बाळगूनही हा प्रश्न विचारता येतो.

ब्रिटनमध्ये 1938 साली कॅडोगन समितीने फटके खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या गुन्हेगारांचे पुढचे वर्तन ताडून पाहिले. फटक्यांनी कोणी सुधारल्याचे दिसले नाही. 1948 साली तिथल्या न्यायालयांच्या हातून वेत गेला. भारतात तो 1955च्या कायद्याने गेला. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याने मात्र फटक्यांचा खांब कायद्यात 1972 पर्यंत जपला. सिंगापूर आजही वेत मारते आणि ते लपवत नाही. आपल्या शाळांतली छडी 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंद झाली, कागदावर तरी.

कागदाबाहेरचे सांगायचे तर लांब जायला नको. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुण संशयिताचा मृत्यू झाला. तो पळून गेल्याचे आधी सांगण्यात आले. मग मारहाणीत तो दगावल्याचा आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचा आरोप पुढे आला. उपनिरीक्षकासह पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. आजच्या सरकारकडे तर तुरुंगही होता, न्यायालयही होते.

आणि काठी काही पोलिसांच्याच हातात नाही. सप्टेंबर 2022 मध्ये याच सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंनी विजापूरहून पंढरपूरकडे जाताना एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळवणारी टोळी आली म्हणत जमावाने त्यांना गाडीबाहेर ओढले आणि पट्ट्यांनी, काठ्यांनी झोडपले. त्याआधी चारच वर्षे धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच संशयावरून पाच भटक्या गोसाव्यांचा जीव गेला होता, आणि ती बातमी महाराष्ट्रभर पोचली होती. लवंग्यातल्या साधूंकडे आधार कार्डे होती. पोलिसांनी ती पाहिली, उत्तर प्रदेशात चौकशी केली, आणि माणसे खरी असल्याचे निष्पन्न झाले. साधूंनी तक्रार द्यायला नकार दिला, तेव्हा पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवून काही जणांना अटक केली. तोवर मार देऊन झाला होता.