चौथऱ्यावरचा ट्रक

परवा एका वास्तुशांतीला गेले होते. जेवणं झाली, सुपारी कातरत सगळे निवांत बसलो होतो, तेवढ्यात चुलत दिरांनी विषय काढला. "काय वहिनी, तुमच्या भाच्याचं ते भंगार विकलं की नाही अजून?" सगळे हसले. मीही हसले, कारण दुसऱ्याच्या घरी वास्तुशांतीच्या दिवशी भांडायचं नसतं. पण उत्तर पोटात राहिलं ते राहिलंच. ते आज इथे देते आहे. भाऊजी हे वाचतात, मला ठाऊक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या भाच्याने आठ वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याकडून लष्कराच्या लिलावात निघालेला निसान वन-टन ट्रक घेतला. जपानच्या निसान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला, सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकं ओढणारी. शक्तिमान हा त्याचा थोरला भाऊ. (शक्तिमान म्हणजे मुकेश खन्ना नव्हे! ती मालिका १९९७ ची. हा ट्रक जबलपूरला १९५९ पासून बनू लागला, जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर. व्याकरणात तो 'मान' प्रत्यय, कारखान्यात तो जर्मन. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला याची गंमत वाटणारच.) भाचा दर रविवारी त्या ट्रकखाली उताणा पडलेला असतो. भाचेसून ट्रकला 'माझी सवत' म्हणते. पेट्रोलचं विचारू नका. लिटरला चार किलोमीटर, तेही उतार असेल तर.

तर भाऊजी, तुमचं म्हणणं असं की एवढीच देशभक्ती असेल तर असा ट्रक एखाद्या शाळेला द्यावा, चौथऱ्यावर उभा करावा, चार मुलं बघतील. ऐकायला छान वाटतं. पण मी असा चौथरा बघितलेला आहे.

नाव घेत नाही, पण आमच्याच भागातल्या एका शिक्षणसंस्थेने याच जातीचा ट्रक आणून दारात उभा केला. भाच्याला कळलं तसा तो मला घेऊन तिथे गेला. म्हणाला, इंजिन जागेवर आहे, मी फुकट सुरू करून देतो, पंधरा ऑगस्टला मैदानाला एक फेरी मारू, पोरं खूश होतील. तिथले एक पदाधिकारी म्हणाले, "कशाला? दिसायला बरा दिसला की झालं." पुढच्या महिन्यात इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून विकले. चाकांभोवती सिमेंट ओतलं. वरून घरातल्या ग्रिलला देतात तसला चकचकीत ऑइलपेंट! उद्घाटनाला बँड होता. मी शेवटच्या रांगेत बसले होते. भाच्याने त्या गिअरबॉक्ससाठी नंतर किती भंगारवाले पालथे घातले, ते मला माहीत आहे.

माझा राग त्या एका माणसावर नाही. 'दिसायला बरा' एवढ्यावर समाधान मानायची आपल्याला सवयच लागली आहे आणि आपण तिला जतन म्हणतो.

नगरला (आता अहिल्यानगर) १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. फार चांगलं आहे, जरूर बघा. मी मुलांच्या सहली तिथे नेल्या आहेत. दर सहलीला, प्रत्येक तुकडीत, एकतरी मुलगा विचारायचाच, "बाई, हा सुरू होतो का?" याने किती शत्रू मारले, असं विचारणारे कमी. सुरू होतो का, हे विचारणारे फार. 'नाही' म्हटलं की चेहरा पडायचा आणि पोरगं पुढे पळायचं. रणगाड्याला निदान चौथरा, बाग, पाटी मिळते. ट्रकला तेही क्वचित. तो दारूगोळा नेतो, कांदे-बटाटे नेतो, पाणी नेतो, पत्रं नेतो आणि परतताना जखमी आणतो. एवढं करून शेवटी किलोच्या भावाने जातो.

आमच्या घरातल्या एका गांधीवादी मंडळींचा आक्षेप वेगळा आहे. हा नाद म्हणजे युद्धाचं उदात्तीकरण, असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी मी वाद घालते, पण थोडं जपून. ट्रकने कुणाला मारलं नाही, असं म्हणायचा मोह होतो, पण तोफगोळे त्यानेच नेले ना. १९७१ च्या डिसेंबरात मी कॉलेजात होते. रस्त्याने लष्कराच्या गाड्यांची रांग चालली होती आणि आम्ही मुली कडेला उभ्या राहून हात हलवत होतो. मागे बसलेली मुलं आमच्याच वयाची होती. त्यांतली सगळी परत आली नसतील. ट्रकाच्या मागच्या लाकडी फळीवर बसलं की मला ते आठवतं. चौथऱ्यावरच्या ऑइलपेंटकडे बघून नाही आठवत.

आता सरकारी नियमांकडे वळते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. दुचाकी किंवा चारचाकी, पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, मोठी उलथापालथ न झालेली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. नियम केले हे चांगलंच. पण ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संस्थानिकांची मोटार असावी, जी वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेर निघायची. लष्करी ट्रकाचं आयुष्य तसं नसतं. गाडी थकली की वर्कशॉपला जाते, इंजिन उतरतं, ओव्हरहॉल होतं आणि कधी कधी दुसऱ्याच गाडीचं तयार इंजिन बसवून ती परत कामाला लागते. त्यातलं 'मूळ' इंजिन कुठलं म्हणायचं? आणि 'चारचाकी' म्हणाल तर दुसऱ्या महायुद्धात आसामातल्या लेडोच्या रस्त्यावर धावलेल्या अमेरिकन जीएमसी अडीचटनी ट्रकाला दहा चाकं होती. पाच लाखांवर बनले होते ते. एखादा कुणाकडे उरला असेल, तर त्याने काय सहा चाकं काढून नोंदणीला जायचं?

रंगाची तर आणखी मजा. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत १२१ क्रमांकाचा नियम आहे. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून इतर कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. म्हणजे एकीकडे मूळ रूप राखा, दुसरीकडे मूळ रंग पुसा. हौशी मंडळी याच्यावर फार चिडतात. मी चिडत नाही. सैन्याची गाडी कुठली आणि आमच्या भाच्याची कुठली, हे नाक्यावरच्या शिपायाला लांबून कळलंच पाहिजे. भाच्याने राखाडी दिला. ट्रकाचं काही अडलं नाही.

म्हणून माझं भांडण खुद्द हौशी मंडळींशीही आहे. त्यांच्यातल्या निम्म्यांना रंग, नंबराची नक्षी, बोनेटवरची कुऱ्हाड-फावडी आणि छतावर लाकडाची खोटी मशीनगन एवढंच हवं असतं. रुंद टायर, डोळे दिपवणारे दिवे, मिरवणुकीत पुढे. आत काय चाललंय याचा पत्ता नाही. ती मंडळी आणि सिमेंट ओतणारी संस्था यांत मला फरक दिसत नाही. उलट घाटातला एखादा शेतकरी डिस्पोजलच्या गाडीत टेम्पोचं डिझेल इंजिन टाकून वीस वर्षं भात आणि चारा वाहतो. व्हिंटेजवाले त्याला पापी म्हणतात. मी म्हणते त्याने गाडी जगवली. (भाचा या मुद्द्यावर माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता.)

अमेरिकेत लष्करी गाड्या राखणाऱ्यांची एक संघटना आहे, १९७६ पासूनची. १९१९ मध्ये तिथल्या सैन्याचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. रस्ते इतके वाईट की दोन महिने लागले. तरुण आयझेनहॉवर त्या ताफ्यात होते. नव्वद वर्षांनी, २००९ मध्ये, या संघटनेच्या लोकांनी जुन्या गाड्या घेऊन त्याच मार्गाने प्रवास केला. घरच्या घरी दुरुस्त केलेल्या गाड्या! आपल्याकडे जबलपूर ते पुणे कुणी असं निघालं, तर आधी वेडा म्हणतील, मग कागदपत्रं मागतील.

आणि सगळ्यात घाईची गोष्ट राहिलीच. भाच्याला शिकवायला एक काका येतात. सैन्याच्या ईएमईमधून निवृत्त झालेले, माझ्याहून वयाने मोठे. कार्ब्युरेटर कानाने लावतात. जुन्या ट्रकांच्या चाकाला लोखंडी लॉक-रिंग असते. ती नीट न बसवता हवा भरली तर गोळ्यासारखी उडते, माणूस जागीच जातो. काकांनी पहिल्या दिवशी पान्याला हात लावू दिला नाही, आधी रिंगसमोर उभं कसं राहायचं नाही ते शिकवलं. गिअर खाली आणताना डबल क्लच कसा मारायचा, किती थांबायचं, हे सांगताना ते आकडे सांगत नाहीत, इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवतात. हे कुठल्या पुस्तकात नाही, चौथऱ्यावरच्या पाटीवर मावत नाही आणि ट्रक बंद असेल तर शिकवताही येत नाही. काकांना गेल्या पावसाळ्यापासून दम लागतो. आता खुर्चीवर बसून सांगतात, भाचा करतो. शेजारचा नववीतला एक मुलगा बॅटरी धरून उभा असतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "सुरू होतो का?" भाचा म्हणाला, "चढ, चोक ओढ."

भाऊजी, येत्या रविवारी किंगपिनला ग्रीस भरायचं आहे आणि मागच्या ब्रेकचे कप बदलायचे आहेत. या. जुने कपडे घालून या. भाचेसून पिठलं-भाकरी करणार आहे, सवतीच्या नावाने बोटं मोडत.