विश्लेषण : छोट्या संस्थांची झोळी रिकामी का?

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणारी, पारध्यांच्या पालावरच्या माणसाला जातीचा दाखला मिळावा म्हणून तहसीलमध्ये खेटे घालणारी संस्था बहुधा चार-पाच कार्यकर्त्यांचीच असते. मार्च जवळ आला की तिथे एकच चिंता असते : पुढच्या वर्षी मानधन कुठून द्यायचे?

पैसाच नाही का?

आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. पण कंपनीबाहेरच्या संस्थेला तो निधी हवा असेल, तर १२ए आणि ८०जी, तीन वर्षांचा अनुभव आणि एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ नोंदणी लागते. हे कागद सांभाळायला माणूस हवा आणि माणूस ठेवायला पैसा. घोडे इथेच अडते.

परदेशी निधीचे काय?

पूर्वी मोठी संस्था असा निधी घेऊन गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना वाटू शकत असे. २०२० च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली.

मानधनाला नकार का?

‘आमचा पैसा थेट लाभार्थींपर्यंत जावा,’ असे देणगीदार सांगतात. सीएसआरमधील ५ टक्क्यांच्या मर्यादेकडेही बोट दाखवले जाते. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. बहुवर्षीय प्रकल्पांनाही नियमांत मुभा आहे. सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे. म्हणजे अडसर कायद्यापेक्षा सवयीचा आहे. दप्तरे वाटली की फोटो निघतो. मूल शाळेत टिकावे म्हणून वर्षभर पालावर जाणाऱ्या ताईचा फोटो कोण काढणार?

वेळ दिला तर काय होते?

पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. मध्ये पंधरा वर्षे गेली. एका वर्षाच्या प्रकल्पात हे बसले असते का?

मग उपाय काय?

बोगस संस्था आहेत, म्हणून हिशेब मागायलाच हवा. पण दोन लाखांच्या मदतीला दोन कोटींची कागदपत्रे नकोत. निधी किमान तीन वर्षांचा असावा, त्यात मानधन आणि हिशेबनिसाचा खर्च धरलेला असावा, अर्ज मराठीत चालावा. जिल्ह्यातल्या दहा-बारा संस्थांनी मिळून एक हिशेबनीस नेमला आणि त्याचा पगार एखाद्या कंपनीने दिला, तरी बरेच साधेल.

आपणही देणगी देताना ‘किती दप्तरे वाटली?’ याबरोबर ‘तुमच्या कार्यकर्त्यांना मानधन वेळेवर मिळते का?’ हेही विचारावे.