टायर मोठा, पण मीटरला कोण सांगणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. २२ तारखेपासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवसांत सीनेला मोठा पूर आला आणि सोलापूर–विजयपूर महामार्ग वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागला. त्यानंतर आमच्या मंद्रूपकडच्या पोरांच्या फोनवर लिफ्ट केलेल्या पिकअपच्या रील्स जरा जास्तच फिरायला लागल्या. डोक्यातलं गणित सोपं आहे: टायर स्वस्त झालाय, मोठा टाकू, गाडी उंच होईल, पाण्यातून निघेल.

गाडी किती उंच होते ते आधी बघू. समजा, कंपनीचा टायर २१५/७५ आर १५ आहे. २१५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के बाजूची उंची, १५ म्हणजे इंचात रिम. एकूण व्यास येतो ७०३.५ मिमी. २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३.५. व्यास ३० मिमी वाढला, पण गाडी उचलली गेली फक्त १५ मिमी, कारण अ‍ॅक्सल चाकाच्या मधोमध असतो. करंगळीच्या जाडीएवढा फरक!

बाकीची उंची लिफ्ट किटमधून येते. पण वाहत्या पाण्यात तीही फारशी कामाची नाही. साधारण एक फूट वाहतं पाणी छोटी कार ढकलून नेतं, दोन फुटांत पिकअपसुद्धा तरंगायला लागते. मोठ्या टायरमध्ये हवा जास्त, म्हणजे तो तरंगायला उलट मदतच करतो. वडकबाळच्या पुलावर पाणी असेल तर थांबायचं, टायर कुठलाही असो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये चाकाचा घेर हा एक ठरलेला आकडा असतो. चाक किती वेळा फिरलं ते मोजायचं, घेराने गुणायचं, झाला वेग. तुम्ही टायर बदलला, पण तो आकडा जुनाच राहिला. वरच्या उदाहरणात मीटर ८० दाखवेल तेव्हा गणिताने गाडी ८३.४ वर असेल. ३१ इंची टायर टाकला तर थेट ८९.५. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून अ‍ॅव्हरेज पडल्यासारखं वाटतं आणि सर्व्हिसिंग लांबतं. ब्रेकचं तर आणखी वाईट: ब्रेक तोच, चाक मोठं आणि जड, त्यामुळे तेवढ्याच पायाच्या दाबाला गाडी उशिरा थांबते. मागे कांद्याची पोती असतील तर विचार करा.

पोत्यांवरून आठवलं, टायरवर साइझनंतर लोड इंडेक्स असतो. तो कोणी बघतच नाही. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ९७ म्हणजे ७३०. दिसायला दणकट टायर घेतला आणि इंडेक्स ९७ निघाला, तर चार टायरमिळून २८० किलो क्षमता गेली. कमावणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. शिवाय आपली काळी माती! टायर आणि मडगार्डमधली जागा कमी झाली की चिखल तिथे गच्च बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यावर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. बदलायचाच असेल तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला साइझ बघा, तोही रिम आणि लोड इंडेक्स जुळत असेल तरच.

आणि ज्यांनी आधीच बदललाय त्यांनी एक करा. विजयपूर रोडवर सरळ, मोकळा पट्टा बघा, मीटरवर ६० धरा आणि शेजारी बसलेल्याला मॅप अ‍ॅपमधला जीपीएस वेग वाचायला सांगा. फोनमध्ये ६० पेक्षा जास्त आकडा आला, तर मीटर तुम्हाला कमी वेग दाखवतंय.