नाला आमचा, नदी त्यांची?

या देशात पाण्यालाही जात चिकटते. जयपूरची द्रव्यवती नदी बघा. शहराने तिच्यात मैला सोडला, सांगानेरच्या रंगाईचे पाणी सोडले, आणि कित्येक दशके तिला अमानीशाह नाला म्हटले. 2016 मध्ये जयपूर विकास प्राधिकरणाने सुमारे 47 किलोमीटरचा प्रकल्प हाती घेतला. 2018 मध्ये काठावरच्या बागा खुल्या झाल्या आणि नाल्याची पुन्हा नदी झाली. काठावर वस्ती असते तोवर नाला. फिरायला येणारे आले की नदी!

नोकरीसाठी महाराष्ट्रातून येऊन मी झालानात राहतो. सुटीच्या दिवशी शहर ओलांडून मानसरोवरकडच्या बागेत जातो. झाडे, चालायला वाट, पोरांना खेळायला जागा, हे सगळे हवेच. एका खोलीत पाच माणसे राहतात त्यांना तर सर्वात जास्त हवे. म्हणूनच बाग कोणाची, हा प्रश्न सोडून चालणार नाही.

संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्यासोबत सार्वजनिक विरंगुळ्याच्या जागाही आहेत. सरकारी पैशाने चालणाऱ्या अशा जागी जातीवरून कोणालाही अडवता येत नाही. पण हक्क कागदावर असला की पुरतो का? सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव 1923 मध्येच झाला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. ज्या शहरात उच्च न्यायालयाच्या आवारात 1989 पासून मनूचा पुतळा उभा आहे, तिथे तरी हे विसरू नये.

आज फाटकावर कोणी जात विचारत नाही. विचारायची गरजच उरत नाही. झाडू कोणाच्या हातात, बाकावर कोण बसलेले, हे पाहिले की पुरते. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे. गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला 30 लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. तरीही गटारात उतरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो.

आता आपल्याबद्दल. आपण घरातले पहिले पदवीधर. उद्या आपण बागेसमोर फ्लॅट घेऊ. मग सोसायटीचा अर्ज येईल: 'समोरची झोपडपट्टी हटवा, बागेची शोभा जाते.' त्यावर सही करू नका. त्याऐवजी आपल्या शहरातल्या नदीकाठच्या बागेबद्दल माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारा. सफाई कामगार कायम किती, कंत्राटी किती आणि त्यांच्या हातात पगार किती पडतो? नाल्यात यंत्र उतरते की माणूस? काठावरची घरे हटवली असतील, तर ती माणसे कुठे वसवली?

अर्जाला लागतात दहा रुपये. पदवी आपल्याकडे आहेच. ती अशा कामाला लावा.

जय भीम.