निकाल पाहायचा की पक्ष?

श्रीवर्धनमध्ये पोटगीच्या कामासाठी मी बायकांबरोबर कोर्टाच्या खेपा घालते. सर्वोच्च न्यायालयाविषयी लोक काय बोलतात ते त्या निमित्ताने कानावर पडतं. निकाल कुणीच वाचलेला नसतो. आपला पक्ष काय म्हणाला तेवढं मात्र पाठ असतं.

२२ ऑगस्ट २०१७ ला न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. बाजारपेठेत कोर्टाची वाहवा झाली. मोहल्ल्यातले पुढारी म्हणाले, कोर्टाने धर्मात नाक खुपसू नये. २८ सप्टेंबर २०१८ ला शबरीमला मंदिर सर्व वयाच्या बायकांना खुलं झालं आणि नाक खुपसण्याचं तेच वाक्य बाजारपेठेतून आलं! अमित शहांनी कन्नूरला जाऊन, अंमलात येतील असेच निकाल द्या, असं कोर्टाला बजावलं. केरळातली काँग्रेसही निकालाविरुद्धच होती.

शाहबानोचं वेगळं काय झालं? दरमहा १७९ रुपये २० पैसे एवढ्या पोटगीचा प्रश्न. १९८५ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने ती मान्य केली, १९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने कायदाच फिरवला. हिंदुत्ववाद्यांना तेव्हा कोर्टाचा केवढा उमाळा! मधल्या मध्ये त्या म्हाताऱ्या बाईने दडपणाखाली निकाल नाकारला.

आपणही धुतल्या तांदळाच्या नाही. २०१७ मध्ये, 'आनंद जाहीर करू नका, भाजपचं फावेल,' असं आपल्यातल्याच काहीजणी म्हणत होत्या. मला हे मुळीच पटत नाही. नवऱ्याला तुरुंगात घालणारा २०१९ चा कायदा संसदेने केला. त्याच्याशी खुशाल भांडू या. त्याचा राग निकालावर का?

कोर्टावर टीका करूच नये असं मी म्हणत नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार करणाऱ्या पोलिसांना याच न्यायालयाने १९७८ मध्ये सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तर्क! उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकालातला एकेक मुद्दा घेऊन तो खोडला. बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. ते पत्र कुठल्या पक्षाचं होतं?

१० जुलै २०२४ ला न्यायालयाने पुन्हा सांगितलं की तलाक मिळालेली मुसलमान बाईही फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. नव्या संहितेत ते कलम १४४ आहे. मी ज्यांच्याशी बोलले, त्यातल्या बहुतेकींना याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या पुढाऱ्यांनी सांगितलं नव्हतं, आणि आपल्या शिबिरांतही अजून तो वाचला गेलेला नाही.